रडार गाडीवर कशाला?



सकाळी चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. मुंबईला एवढे मोठे रडार आहे, वर उपग्रह आहेत, मग तुम्ही लोक ट्रकवर रडार घालून डोंगरात कशाला फिरता? मला दिलेल्या दहा मिनिटांत त्याचेच उत्तर देतो.

उत्तर आपल्या भूमितीच्या तासातले आहे. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. त्यात किरण क्षितिजापासून अर्धा अंश तरी वर उचललेला असतो. हिशोब मांडला तर 100 किलोमीटरवर तो जवळजवळ दीड किलोमीटर उंच निघतो, आणि एक अंश रुंदीचा किरण तिथे पावणेदोन किलोमीटर जाड झालेला असतो. कुलाब्यापासून माळीण सरळ रेषेत साधारण तेवढेच लांब आहे. 30 जुलै 2014 ला तिथे दरड कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली. दरडीला पावसाखेरीज इतरही कारणे असतात. जवळ रडार असते तर गाव वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण घाटातला पाऊस बराचसा बुटक्या ढगांतून पडतो आणि लांबचे रडार त्या ढगांच्या डोक्यावरून बघते, एवढे खरे.

म्हणून रडारच ढगाजवळ न्यायचे. मोठ्या रडारची लहर 10 सेंटीमीटरची. बारीक किरणासाठी तिला आठ-साडेआठ मीटरची तबकडी लागते. ती घाटातून कोण नेणार? लहर 3 सेंटीमीटरची घेतली की अडीच मीटरच्या तबकडीत भागते, आणि ती ट्रकवर बसते. मात्र फुकट काही नाही. आखूड लहर जोरदार सरीतून जाताना दुबळी होते आणि सरीपलीकडचे नीट दिसत नाही. नेमका मुसळधार पाऊस असला की पंचाईत!

अमेरिकेत जोशुआ वर्मन यांनी 1995 मध्ये असे रडार ट्रकवर चढवले आणि ते चक्रीवादळांच्या, म्हणजे तिथल्या टोर्नेडोंच्या, मागे लागले. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात त्यांच्या रडारने ताशी 480 किलोमीटरच्या आसपासचा वारा मोजला. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वाईजवळ मांढरदेवला अशी रडारे नेली. काळूबाईच्या दर्शनाला गेलेल्यांना तो डोंगर ठाऊक असेल, उंची सुमारे 1300 मीटर. तिथून दिसले ते असे: समुद्राकडच्या उतारावर ढग बुटके, तर पूर्वेला उंच ढग जास्त.

आता आमच्या कामाची खरी गंमत. गाडी जागेवर लावली की आधी जॅक टेकवून, पाणसळ धरून ती समतल करायची. एक अंशाचा कल राहिला तर 60 किलोमीटरवरचा ढग एक किलोमीटर वर किंवा खाली सरकलेला दिसतो. धुके, वारा, पायाखाली चिखल, आणि हे काम घाईने करताच येत नाही.

एवढे करूनही रडार पाऊस मोजत नाही, प्रतिध्वनी मोजते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी आठपट, पण प्रतिध्वनी 64 पट! म्हणजे घाटातली बारीक थेंबांची दाट झड रडारला किरकोळ वाटते आणि वळवाचे टपोरे थेंब फार मोठे वाटतात. यासाठी जमिनीवर थेंबमापक ठेवतो. लेसरच्या पट्ट्यातून पडणारा प्रत्येक थेंब किती जाड, किती वेगाने आला, हे तो टिपतो. त्याचा मोठा शत्रू कोळी. दोन डोळ्यांमधली ती जागा जाळे विणायला अगदी मापाची असते. लाखो रुपयांचे यंत्र आणि हातात केरसुणी, असे माझे फोटो आहेत; स्मरणिकेसाठी मागितले होते, दिले नाहीत.

जाता जाता एक काम सांगतो. घाटमाथ्यावर आम्हाला नेहमी जागा हवी असते: उघडी, पक्क्या जमिनीची, समोर झाड किंवा टेकडी नसलेली, आणि जनरेटरच्या आवाजाला कंटाळणार नाहीत अशा माणसांची. कुणाच्या गावी असेल तर जेवणाच्या पंगतीत मला गाठा. जूनच्या आधी बघून ठेवायला हवी.