कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण पेडण्यात काय नि डिचोलीत काय, आजही घरोघर ऐकू येते. म्हणीत शहाणपण आहे. पण आपल्या न्याय्य येण्यावर पाणी सोडून स्वस्थ बसावे, असा तिचा अर्थ नव्हे. ती पायरी चढण्यापूर्वी जे जे करता येण्याजोगे आहे ते सारे करून पाहावे, हा तिचा खरा बोध होय. आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे मागणीचे पत्र. लोक ज्याला 'नोटीस' म्हणतात ते.

या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळसा व्यवहार शब्दावर चालत आला आहे. समजा, डिचोलीच्या एका ट्रकमालकाने पेडण्याच्या एका ठेकेदाराला चिऱ्यांच्या 40 खेपा पोहोचवल्या. दर खेपेस 1,500 रुपये ठरले. एकूण 60,000 झाले. ठेकेदाराने 20,000 दिले आणि उरलेले 'चवथीपूर्वी देतो' असे सांगितले. चवथ आली नि गेली, पाठोपाठ शिगमाही गेला. ओळखीचा माणूस, त्याला लेखी कसे विचारावे, या संकोचाने मागणी तोंडीच राहिली. अशा संकोचात माणुसकी असते हे खरे. परंतु कायद्याचे घड्याळ त्या संकोचासाठी थांबत नाही.

1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी दावा दाखल करण्यास सामान्यतः 3 वर्षांची मुदत असते. गोमंतकात याविषयी दीर्घकाळ घोटाळा होता. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत 20 ते 30 वर्षांपर्यंतच्या मुदती होत्या आणि 1961 च्या मुक्तीनंतरही त्या लागू आहेत असे मानले जाई. करारावरून उद्भवणाऱ्या दाव्यांना त्या लागू नाहीत, भारतीय मुदतीचा कायदाच लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला. तेव्हा वाडवडिलांच्या काळची 'देणे कधी बुडत नाही' ही समजूत आता उराशी बाळगणे धोक्याचे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपण कितीही नोटिसा धाडल्या तरी त्यांनी मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने स्वतःच्या सहीनिशी देणे लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम देऊन तशी सही केली, तरच ती नव्याने सुरू होते. म्हणूनच 'बाकी मान्य असल्यास तसे लेखी कळवावे' ही एक ओळ पत्रात असणे फार मोलाचे ठरते.

लेखी मागणीचा दुसरा लाभ व्याजाचा. व्याजाचा दर लेखी ठरलेला नसेल, तर 1978 च्या व्याज अधिनियमाप्रमाणे, धनकोने व्याज मागणार असल्याची लेखी सूचना दिल्यास, त्या सूचनेत नमूद केलेल्या तारखेपासून दावा दाखल होईपर्यंतचे व्याज न्यायालय देऊ शकते. वरील ट्रकमालकाचे 40,000 रुपये वर्षभर अडकले आणि शेकडा 12 दराने व्याज मंजूर झाले, तर ते 4,800 रुपये होते. तोंडी तगाद्यांनी चपला झिजतात; हे व्याज मात्र पदरात पडत नाही.

आता पत्र कसे लिहावे? ते दोन वाचकांसाठी लिहायचे असते, हे सूत्र ध्यानी घेतले म्हणजे बाकीचे आपोआप सुचते. पहिला वाचक म्हणजे ऋणको; दुसरा म्हणजे उद्या प्रकरण उभे राहिलेच तर ते पत्र हाती घेणारा न्यायाधीश. पहिल्याला पैसे देणे हेच सोयीचे वाटावे आणि दुसऱ्याला लिहिणारा माणूस सचोटीचा व समंजस वाटावा, असे ते असावे.

आरंभी दोघांची पूर्ण नावे, पत्ते आणि तारीख. मग हकीकत, काळाच्या क्रमाने: काय ठरले, काम कधी झाले, किती मिळाले, किती राहिले. प्रत्येक आकड्यामागे खेपांची वही, वजनाची चिठ्ठी, बँकेची नोंद असा जो पुरावा असेल त्याचा उल्लेख करावा आणि त्याची प्रत जोडावी. मूळ कागद मात्र हातचा सोडू नये. त्यानंतर मागणी स्वच्छ शब्दांत: 'बाकी रुपये 40,000 हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत द्यावेत. न दिल्यास या पत्राच्या तारखेपासून शेकडा 12 दराने व्याजासह वसुलीचा दावा दाखल करण्यात येईल.' 'लवकरात लवकर' या शब्दाला तारीख नसते, तो टाळावा. हप्ते मान्य असतील तर तसे लिहावे.

जे लिहू नये तेही तितकेच महत्त्वाचे. 'तुमची अब्रू वेशीवर टांगू', 'पोलिसांत अडकवू' असली भाषा रागाच्या भरात लिहिली जाते, आणि पुढे तीच लिहिणाराच्या विरुद्ध वाचून दाखवली जाते. येणे 40,000 असताना 60,000 मागणाराचे उरलेले खरे बोलणेही संशयित होते. जे आठवत नाही ते ठामपणे लिहू नये.

साध्या पैशाच्या दाव्यापूर्वी नोटीस द्यावीच असे बंधन सर्वसाधारणपणे नाही, आणि ती वकिलानेच द्यावी असेही नाही. मराठीत लिहिलेले पत्रही चालते. समोरच्याला ते समजले पाहिजे एवढेच. पण काही बाबतींत कायद्याने नेम घालून दिले आहेत. धनादेश न वटल्यास, बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी फिर्याद करता येते. सरकारवर दावा करावयाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे 2 महिन्यांची पूर्वसूचना लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र न्यायालयाची परवानगी घेता येते. अशा ठिकाणी एक दिवसाची चूकही महागात पडते, म्हणून तेथे वकिलाचा सल्ला घेतलेलाच बरा.

पत्र टपालाने नोंद करून, पोचपावती मिळेल अशा रीतीने धाडावे. स्वतंत्र रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा नोंदणी व पोचपावतीची सोय टपाल कचेरीत आठवणीने मागावी. पत्राची प्रत, पावती आणि पोच एकत्र जपून ठेवावीत. समोरच्याने पत्र घेण्याचे नाकारले, तरी योग्य पत्त्यावर रीतसर धाडलेले पत्र पोहोचले असे न्यायालय गृहीत धरू शकते.

उलट बाजूनेही चार शब्द सांगावयास हवेत. नोटीस आली म्हणजे घराण्याचा अपमान झाला असे मानून ती फडताळात फेकू नये. हिशेब चुकीचा असेल तर तसे लेखी कळवावे. बरोबर असेल तर मुदत मागावी. मौनाचा अर्थ पुढे आपल्या विरुद्ध लावला जाण्याचा संभव असतो.

पेडणे आणि डिचोली या दोन्ही ठिकाणी दिवाणी न्यायालये आहेत. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न न पाहता, विनामूल्य कायदेशीर मदत मिळू शकते. आणि दावा दाखल होण्यापूर्वीही तंटा लोकअदालतीत नेता येतो. पण पुष्कळदा तिथवर जाण्याची वेळच येत नाही. नीट मांडलेला हिशेब, ठरलेली तारीख आणि सभ्य शब्द एवढे समोर आले, की ज्याची दानत शाबूत आहे तो पैसे घेऊन येतो. आणि ज्याची नाही, त्याच्या विरुद्धचा पहिला पुरावा तयार झालेला असतो. दोन्ही घरचे लोक पुढच्या जत्रेत एकमेकांना पाहून मान फिरवणार नाहीत, इतक्या बेताने लिहिलेले पत्र हेच खरे चांगले पत्र.