बर्फावरची मासेमारी आणि बर्फातली मासळी



वैशाखात खुलताबादेत उभे राहून बर्फावर बोलावयाचे म्हणजे थोडी चेष्टाच. पण हा विषय चालकांनी आमच्यावर लादलेला नाही, आम्हीच मागून घेतला. आम्ही शाळेत सातवीपर्यंत होतो. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. बर्फाच्या कारखान्यात युनियन बांधताना वाटले, ज्या वस्तूपायी ही माणसे राबतात ती वस्तू तरी समजून घ्यावी. म्हणून मिळेल ते वाचू लागलो आणि वाचतावाचता थेट उत्तरेच्या गोठलेल्या तळ्यांवर जाऊन पोहोचलो.

कॅनडा, फिनलंड, सैबेरिया या मुलखांत हिवाळ्यात तळी गोठतात. लोक त्यांवरून चालत जातात, गिरमिटाने भोक पाडतात, गळ सोडतात आणि बसून राहतात. काचेसारखा स्वच्छ, काळसर बर्फ चार इंच जाड असला तरी एक माणूस पेलतो. पांढरट बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा. हा हिवाळ्याचा हिशेब. वसंताच्या अखेरीस तो चुकतो. तेव्हा दोन फूट जाडीचा बर्फदेखील दगा देतो, कारण ऊन त्याच्या आत शिरते आणि स्फटिकांचे सांधे सुटत जातात. उभ्या मेणबत्त्या शेजारीशेजारी रचाव्यात तसा तो होतो. जाडी तीच, जोड राहिलेला नाही. (युनियनमध्ये काम केलेल्यांना हे अधिक उलगडून सांगावयास नको.) म्हणून तिकडचा इन्युइट शिकारी नुसत्या जाडीवर विसंबत नाही, भाल्याचे टोक पुढे आपटून पाहतो आणि मग पाऊल टाकतो.

मग अशा वेळी माणसे बर्फावर जातात कशाला? तर मासा याच दिवसांत उत्तम लागतो. वितळलेले पाणी आत उतरते, त्याबरोबर प्राणवायू जातो, उजेड वाढतो, आणि हिवाळाभर सुस्त पडलेला मासा भक्ष्यासाठी काठाकडे सरकतो. पायाखालची जमीन जाऊ लागते तेव्हाच जाळे भरते! आणि ऋतूची वाट न पाहताही बर्फ दगा देतो. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ईरी सरोवरावर बर्फाचा भला मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला. शंभरावर माणसे हेलिकॉप्टरांनी आणि बोटींनी काढावी लागली, एक दगावला. ती माणसे बहुतेक हौसेने गेलेली. पोटासाठी जाणाऱ्याला मागे फिरणे त्याहून अवघड.

आमच्या जिल्ह्यात तळी गोठत नाहीत, आटतात. पण हाच हिशेब आम्ही पैठणच्या नाथसागरावर पाहिला. जायकवाडीचा शिलान्यास १९६५ साली झाला आणि धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. पसरट, उथळ जलाशय. पाणी थोडे उतरले तरी काठ दूरवर मागे सरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर आला. कटला, राहू, मृगळ उरलेल्या पाण्यात दाटले आणि भोई मंडळींची जाळी उचलवेनात. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी, मासा जाळ्यातच मरतो. आणि मे महिन्याच्या उन्हात मेलेला मासा काही तासांतच नासतो. उत्तरेला मासेमारी बर्फावर उभी असते, आमच्याकडे ती बर्फाच्या लादीवर उभी आहे.

एक किलो बर्फ वितळताना जी उष्णता ओढतो तेवढीत ऐंशी किलो पाणी एक अंशाने थंड होते. त्या हिशेबाने तीस अंशांवरच्या तीन किलो मासळीस एक किलो बर्फ पुरावा. पण पेटी गळकी, टेम्पो उघडा, रस्ता लांब. म्हणून उष्ण मुलखात किलोला किलो धरतात. १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले. सुमारे चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. नीट झाकलेला बर्फ चार महिने टिकतो. आमच्या टेम्पोत चार तास टिकत नाही.

आणि त्याच मे महिन्यात आम्ही संप केला. मागण्या रास्त होत्या. बाहेर बेचाळीस अंश, आत मिठाच्या थंडगार पाण्यात भिजलेले अनवाणी पाय, नळातून अमोनियाचा वास. गमबूट, हातमोजे आणि जादा कामाचा पैसा, एवढेच मागितले होते. वेळही आम्हीच निवडली. पौषात बर्फाच्या कारखान्यात संप केला तर मालक आभारच मानील!

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा भोई युनियनच्या कचेरीत आला आणि त्याने टोपली आमच्या टेबलावर ठेवली. वासानेच सारे कळले.

“भाऊ, तुमचा संप खरा हाय,” तो म्हणाला. “पण ही मासळी काय मालकाची हाय का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. जाळे उचलीवर घेतलेले, उचल व्यापाऱ्याची, आणि नासलेला माल व्यापाऱ्याने म्हाताऱ्याच्याच नावे मांडलेला. आम्ही मालकाची जाडी मोजली होती. भाल्याचे टोक मात्र पुढे टाकून पाहिले नव्हते.

त्या रात्री फाटकावर सभा घेतली. मासळीपुरता बर्फ सोडावा असे आम्ही मांडले. एक तरुण कामगार ताडकन उठला. “आज मासळी, उद्या लग्न, परवा सरबताच्या गाड्या. मग संप कशाचा?” त्याचे म्हणणे चूक नव्हते, आणि आजही आम्ही ते चूक म्हणणार नाही. तासभर वाद झाला. हात वर झाले तेव्हा ठराव थोडक्यात निभावला. दोन रात्री निम्मी पाळी चालली. लाद्या भोई मंडळींनी स्वतः वाहिल्या. मालकाने लादीचे पैसे रोख घेतले आणि त्या दोन रात्रींची मजुरी संपात धरून कापली. पुढे तडजोड झाली, गमबूट मिळाले, हातमोजे राहिले.

तेव्हापासून संपाच्या नोटिशीची एक प्रत आम्ही मच्छीमारांच्या संस्थेकडे आधी धाडतो. तो तरुण कामगारच ती पैठणला नेऊन देतो. म्हाताऱ्याच्या नावची ती तीन दिवसांची मासळी मात्र व्यापाऱ्याच्या वहीतून निघाली नाही. आम्ही दोनदा जाऊन आलो. पुन्हा जाणार आहोत.