तुरुंगाऐवजी समेट : पण संमती कोणाची?



गुन्हा घडला की गुन्हेगाराला तुरुंगात डांबावे, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडली आहे. घरातला कर्ता पुरुष मारला गेला, मारणारा तुरुंगात गेला. पण मागे राहिलेल्या बाईची चूल कशी पेटायची? हा प्रश्न सहसा शेवटी विचारला जातो.

इस्लामी कायदा तो आधी विचारतो. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात खुनाबद्दल 'किसास', म्हणजे बरोबरीचा बदला, मान्य केला आहे. पण लगेच क्षमा करून भरपाई घेण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. ही भरपाई म्हणजे 'दियत'. परंपरेने ती शंभर उंटांची. चुकून कुणाचा जीव गेला तर दियतीबरोबर प्रायश्चित्तही आहे : गुलामाची मुक्तता, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. तुरुंग तेथे अज्ञात नव्हता, पण खुनाची ती मुख्य शिक्षा नव्हती.

सोमालियातील 'हीर' या रूढ कायद्यातही वडीलधारे बसून भरपाई ठरवतात. ती एकट्या गुन्हेगाराने नव्हे, तर त्याच्या भाऊबंदांनी मिळून भरायची असते. साहजिकच भाऊबंदच आपल्या माणसाला आवर घालतात. १९९१ साली तेथील मध्यवर्ती सरकार कोसळले, तेव्हा अनेक ठिकाणी तंटे मिटवले ते या रूढीनेच.

बंधु-भगिनींनो, येथवर ऐकून आपण सुखावलो असू, तर दुसरी बाजूही पाहू. याच हिशेबात स्त्रीच्या जिवाची भरपाई परंपरेने निम्मी, पन्नास उंटांची. ज्यांच्या पाठीशी बलवान कूळ नाही, त्यांची दाद कोण घेणार?

पाकिस्तानने १९९० साली अध्यादेशाने किसास व दियतीचे नियम दंडसंहितेत आणले. तेव्हा भाऊ बहिणीला 'इज्जती'साठी मारी, आणि बाप वारस या नात्याने त्याला क्षमा करी. मारणारा आणि माफ करणारा एकाच घरातले! अखेर २०१६ साली कायदा बदलला. आता असा खून सिद्ध झाल्यास वारसांनी माफी दिली तरी जन्मठेपेहून कमी शिक्षा देता येत नाही. तंटा मिटवण्यासाठी मुलगी देण्याची चाल तर २००४ सालीच गुन्हा ठरली होती.

हे आपल्याला परके वाटू नये. जातपंचायतीचा दंड आणि वाळीत टाकणे आपण पाहिले आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

म्हणून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. भरपाई, क्षमा, समेट हे तुरुंगापेक्षा माणुसकीचे मार्ग ठरू शकतात. त्यांना आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही. समेटाच्या बैठकीत सर्वांत दुबळ्या माणसाला निर्भयपणे नकार देता येतो का, हे आधी पाहावे. आणि त्याच्या पाठीशी कायद्याने उभे राहावे. मगच त्या समेटाला न्याय म्हणावे.