वाटण्या झालेला संगणक

घरातला दिवा मालवायला एक बटण पुरते. पण ज्या संगणकावर शेकडो माणसांची कामे एकाच वेळी चाललेली असतात, तो बंद करण्यासाठी नुसते बटण शोधून भागत नाही. बँकेची खाती, कारखान्याचा हिशेब, इस्पितळाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो सुखरूप बंद कसा करावा आणि पुन्हा सुरू कसा करावा, हे आज पाहू.

या यंत्राच्या पुष्कळदा वाटण्या केलेल्या असतात. आयबीएम कंपनीने १९८८ साली आपल्या मोठ्या यंत्रांवर ही सोय आणली, आणि १९९९ साली मध्यम आकाराच्या एएस/४०० यंत्रांवर. आपल्याकडचा भाऊबंदांत वाटला गेलेला वाडा डोळ्यांपुढे आणा. चुली वेगळ्या, दारे वेगळी. पण पाया एक आणि विहीरही एक. धाकट्याने आपली चूल विझवली म्हणून थोरल्याचा स्वयंपाक अडत नाही. तसाच एक विभाग बंद करून पुन्हा सुरू केला, तरी शेजारचे विभाग चालू राहतात. तेव्हा पहिला प्रश्न हा, की बंद काय करायचे आहे? एक विभाग की सगळे यंत्र?

जुन्या एएस/४०० यंत्रात एक विभाग मुख्य असे. तो बंद झाला, की बाकीचे सगळे कोसळत. २००४ साली आलेल्या पॉवर५ यंत्रांत हा मुख्य विभाग राहिला नाही. वाटण्या सांभाळणारी हायपरव्हायझर नावाची प्रणाली यंत्राच्या अंगातच बसली. तरीही पुष्कळ ठिकाणी एक विभाग पाणक्याचे काम करतो. डिस्क आणि नेटवर्क यांचा पुरवठा इतरांना त्याच्याकडून होतो. आता पाणक्यालाच आधी घरी पाठवले, तर बाकीच्यांनी काय करावे? म्हणून बंद करताना आधी पाणी घेणारे विभाग, मग पाणक्या, आणि सर्वांत शेवटी यंत्राची वीज. सुरू करताना क्रम नेमका उलटा.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की संगणक चालू कामाचा बराच भाग स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज एकाएकी गेली, की स्मृतीतले ते सारे पुसले जाते. समजा, एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हायची राहिली. चांगली प्रणाली असे अर्धे व्यवहार रोजनाम्यावरून ओळखून मागे फिरवते. पण प्रत्येक प्रोग्राम इतक्या काळजीने लिहिलेला असतोच असे नाही. शिवाय अशा आघातानंतर यंत्र सुरू होताना सगळ्या नोंदी तपासत बसते, आणि तोवर खिडकीपुढची रांग खोळंबते.

म्हणून विभाग बंद करण्याची आज्ञा त्याच्या आतूनच, त्याच्या स्वतःच्या प्रणालीतून द्यावी. तिचे दोन प्रकार असतात. सावकाश प्रकारात चालू कामांना आवरण्यासाठी ठरावीक मुदत मिळते. तातडीच्या प्रकारात ती लगेच थांबवली जातात. शक्य तेथे सावकाश प्रकारच घ्यावा, आणि मुदत पुरेशी द्यावी. बाहेरच्या नियंत्रण-संगणकावरून विभागाची वीज तोडण्याची सोय असते खरी, पण ती आतली आज्ञा चालेनाशी झाली तरच वापरावी.

त्याआधी तीन कामे करावीत. नोंदींची प्रत काढून ठेवावी. जे लोक काम करीत आहेत त्यांना वेळ सांगून निरोप द्यावा. आणि विभागांची नावे क्रमाने कागदावर लिहावीत. हो, कागदावरच! ती यादी त्याच यंत्रात ठेवली, तर यंत्र बंद झाल्यावर वाचणार कशी? सुरू करताना एकेक विभाग पूर्ण उभा राहिल्याची खात्री करून मगच पुढच्याला हात घालावा. पडद्यावर 'चालू' दिसले म्हणजे काम झाले असे नव्हे; एक साधा व्यवहार करून पाहावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेतला लहान संगणकही आतून आज्ञा देऊनच बंद करायला मुलांना शिकवा. ज्याच्या हाती बटण असते, त्याच्या हाती दुसऱ्यांचे कष्टही असतात, हे त्यांना त्या वयातच कळले पाहिजे.