ओळख देणारा माणूस

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत क्लार्क आहे. वकील नाही आणि पुढारी तर नाहीच. त्यामुळे राजकीय सल्लागार पुढे कंपन्यांचे लॉबिस्ट कसे होतात, हा विषय चिटणीसांनी माझ्या गळ्यात घातला तेव्हा मी बरेच आढेवेढे घेतले. मग आठवले ते अमेरिकेचे क्लार्क क्लिफर्ड. एक तर नावातच क्लार्क! आणि त्यांची गोष्ट शेवटी बँकेच्या दारातच येऊन ठेपते.

क्लिफर्ड सेंट लुइसचे वकील. 1945 साली नौदलाच्या गणवेशात व्हाइट हाउसमध्ये आले आणि 1946 ते 1950 अध्यक्ष ट्रुमन यांचे कायदा सल्लागार होते. 1948 ची निवडणूक ट्रुमन हरणार असे सगळी वर्तमानपत्रे सांगत होती, ती ते जिंकले. त्यामागच्या आखणीत क्लिफर्ड यांचा मोठा वाटा होता. आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांना असा माणूस नवा नाही. गादीवर बसणारा वेगळा, आणि गादीला कान लावून बसणारा कारभारी वेगळा.

1950 मध्ये त्यांनी नोकरी सोडून वॉशिंग्टनमध्ये स्वतःची पाटी लावली. कचेरीच्या खिडकीतून व्हाइट हाउस दिसत असे. प्रत्येक अशिलाला ते पहिल्या भेटीतच सांगत की वशिला हवा असेल तर दुसरीकडे जा, आम्ही फक्त सरकारशी कसे वागावे ते सांगतो. स्वतःला लॉबिस्ट म्हणवून घेणे त्यांना मुळीच आवडत नसे. आता, ज्याच्या खिडकीतून व्हाइट हाउस दिसते त्याला "माझा वशिला आहे" असे तोंडाने सांगावे लागत नाही, हे समजायला बी. कॉम. पुरते! ड्यूपाँट कंपनीला जनरल मोटर्सचे सहा कोटी तीस लाख शेअर न्यायालयाच्या हुकुमाने सोडावे लागणार होते. भागधारकांवर कराचा डोंगर कोसळला असता. 1962 साली काँग्रेसने खास कायदा करून तो बोजा हलका केला. त्या कामात कंपनीचे सल्लागार क्लिफर्ड होते. केनेडी थट्टेने म्हणत की क्लिफर्डने माझ्याकडे काहीच मागितले नाही, फक्त डॉलरच्या नोटेमागे आपल्या वकिली फर्मची जाहिरात छापू द्या म्हणाला.

पण त्यांच्यावर अन्याय नको. 1968 साली जॉन्सन यांनी त्यांना संरक्षणमंत्री केले. व्हिएतनामसाठी आणखी दोन लाखांवर सैनिक मागितले गेले होते. क्लिफर्ड युद्धाचे पाठीराखे म्हणूनच पेंटॅगॉनमध्ये गेले. तिथे त्यांनी सेनाधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारले. एवढे पुरतील का? नाही तर किती लागतील? किती दिवस? जिंकण्याची योजना काय? कोणाकडेच धड उत्तर नव्हते. त्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि अध्यक्षांनाही वळवण्याचा प्रयत्न केला. 1980 च्या सुरुवातीला तेच गृहस्थ कार्टर यांचे दूत म्हणून दिल्लीत इंदिराजींना भेटून गेले, हे ज्येष्ठांना आठवत असेल.

हे प्रश्न लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते मला त्यामुळेच चटका लावते.

बी.सी.सी.आय. नावाची एक बँक होती. मूळचे लखनौचे आणि पुढे पाकिस्तानात गेलेले आगा हसन अबेदी यांनी ती 1972 साली काढली. नोंदणी लक्झेंबर्गची, कारभार लंडनहून, शाखा सुमारे 70 देशांत. मुंबईतही एक होती, ती पुढे स्टेट बँकेने घेतली. या बँकेला अमेरिकेत शिरायचे होते आणि तिथल्या अधिकाऱ्यांना ती नको होती. तेव्हा वॉशिंग्टनची एक बँक काही अरब गुंतवणूकदारांनी विकत घ्यायची असे ठरले. एप्रिल 1981 मध्ये फेडरल रिझर्व्हपुढे सुनावणी झाली. सौदी गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख कमाल अधम स्वतः हजर होते. पैसा गुंतवणूकदारांचा आहे, बी.सी.सी.आय.ची मालकी नाही, अशी ग्वाही दिली गेली आणि ती देणाऱ्यांचे वकील होते क्लिफर्ड. परवानगी मिळाली. बँकेचे नाव फर्स्ट अमेरिकन झाले आणि वयाच्या पंचाहत्तरीत क्लिफर्ड तिचे चेअरमन झाले. पुढे उघडकीला आले की ती अरब नावे पुढे करून खरी मालकी बी.सी.सी.आय.कडेच होती.

आमच्याकडे पूर्वी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागे. फॉर्मवर त्याची सही. नोकरीला लागलो त्या वर्षी एका प्रतिष्ठित गृहस्थांनी ओळख दिली म्हणून मी एका इसमाचा पत्ताही नीट तपासला नाही. दोन महिन्यांनी त्या खात्यात बनावट ड्राफ्ट जमा झाला. साहेबांनी मला मेमो दिला. ओळख देणाऱ्या गृहस्थांना विचारले तर म्हणाले, "अहो, मला तरी कुठे माहीत होता तो? कोणीतरी शब्द टाकला, मी सही केली." फेडरल रिझर्व्हच्या फॉर्मवर क्लिफर्ड यांची अशीच सही होती असे मला वाटते.

फक्त एक फरक, आणि तो जमाखर्चाचा. 1986 मध्ये क्लिफर्ड आणि त्यांचे भागीदार ऑल्टमन यांनी त्या बँकेच्या मालक कंपनीचे शेअर घेतले, ते बी.सी.सी.आय.च्या कर्जावर. 1988 मध्ये काही विकले. दोघांना मिळून सुमारे 98 लाख डॉलर नफा. माझ्यासारख्या कारकुनानेही ही नोंद पाहून पेन खाली ठेवले असते. सेनापतींना "किती आणि कधीपर्यंत" विचारणाऱ्या माणसाने आपल्या अशिलाला "पैसा कोणाचा" एवढे विचारले नाही.

5 जुलै 1991 रोजी अनेक देशांनी एकाच दिवशी बी.सी.सी.आय.ला टाळे ठोकले. ठेवीदार उन्हात उभे राहिले. आपल्यालाही फसवले गेले, हेच क्लिफर्ड शेवटपर्यंत सांगत राहिले. लोकांपुढे आपण एक तर मूर्ख ठरतो किंवा लबाड, असे त्यांनीच बोलून दाखवले. 1992 मध्ये आरोपपत्र आले. ऑल्टमन 1993 साली निर्दोष सुटले आणि क्लिफर्ड यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्याने त्यांच्यावर खटला चाललाच नाही. 1998 मध्ये फेडरल रिझर्व्हशी दोघांची सुमारे 50 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि त्याच ऑक्टोबरात ते 91 व्या वर्षी वारले. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तिकडे निदान 1995 च्या कायद्याने लॉबिंगचा खर्च जाहीर करावा लागतो. वॉलमार्टने भारतातील प्रवेशासाठी तिकडे खर्च दाखवला, हे 2012 साली आपल्याला अमेरिकेच्या कागदांवरून कळले! मग इथे न्यायमूर्ती मुद्गल यांची चौकशी नेमली गेली. आपल्याकडे तसा कायदा अजून नाही.

आता थोडे घरचे. मंडळाचा इमारत निधी एका पतसंस्थेत ठेवावा असा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार आहे. व्याज आपल्या बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आहे. शिफारस करणारे काका सरकारातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. मला लहानपणी सायकल त्यांनी शिकवली. त्यांच्या सचोटीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि ते समोरच बसले आहेत म्हणून मी हे सांगत आहे. मी त्यांच्याकडे पतसंस्थेचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागितले आहेत. काका म्हणाले, "अरे, संचालक माझे ओळखीचे आहेत."

ताळेबंद अजून आलेले नाहीत. बैठक येत्या रविवारी आहे आणि मी हेच पुन्हा मागणार आहे.