ऑनलाइन बाजारात हाती किती उरतं?



घरचा गोडा मसाला... हाताने शिवलेली गोधडी... कोल्हापुरी चप्पल...
हे सगळं आता अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विकता येतं.
गाळा नको, पागडी नको.

पण विक्री झाली म्हणजे कमाई झाली, असं नाही.
हाती किती उरतं, ते आधी मांडा.

समजा, मसाल्याचं पाकीट 200 रुपयांना गेलं.
त्यातून प्लॅटफॉर्मचं काही शुल्क असेल, तर ते जातं.
कुरिअरचा खर्च जातो.
खोका आणि चिकटपट्टी तुमचीच.
उरलेले पैसेही काही दिवसांनी खात्यात येतात.

आणि माल परत आला तर?
चपलांमध्ये हे फार होतं. मापाचा घोळ!
म्हणून तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा.
शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.
परत आलेलं पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करा.
आत भलतीच चप्पल निघाली, तर तक्रारीला पुरावा राहतो.

सेलमध्ये सूट द्या, असा आग्रहही होतो.
मला विचाराल, तर आकडेमोडीशिवाय हो म्हणू नका.
पुन्हा सांगते, हाती किती उरतं, ते आधी मांडा.

आता कागदपत्रं.
खाण्याचा पदार्थ असेल, तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी.
जीएसटीत मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्यांना सवलत आहे.
उलाढाल ठरलेल्या मर्यादेत हवी.
माल आपल्याच राज्यात विकायला हवा.
मग पूर्ण नोंदणी लागत नाही.
जीएसटी पोर्टलवर मिळणारा नावनोंदणी क्रमांक पुरतो.
त्या क्रमांकावर साताऱ्याचा मसाला नागपूरला जाईल.
पणजीला पाठवायचा, तर जीएसटी नोंदणी करावी लागेल.