वास्तुशिल्पी व्हावयाचे तर
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ईट येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम निघाले की गावात गवंडी, सुतार आणि इंजिनिअर ही तीन नावे घेतली जातात. चौथ्याचे, म्हणजे वास्तुशिल्पीचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर ‘नकाशा काढून देणारा’ एवढीच त्याची ओळख असते. मुलगा गणितात हुशार निघाला की पालक डॉक्टर, नाही तर इंजिनिअर म्हणतात. आर्किटेक्ट व्हावयाचे म्हटले, तर ‘त्यात काय आहे?’ असे विचारतात. त्यात काय आहे, हे एका माणसाच्या चरित्रावरून कळते.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली कोकणातील आचरे गावी झाला. श्री रामेश्वराचे देवस्थान आणि गावपळणीची प्रथा यांमुळे हे गाव पुष्कळांना ठाऊक आहे. ते दोन वर्षांचे असतानाच आई गेली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते; मुलाच्या हाताला वळण लागले ते त्यांच्यामुळे. १९३५ साली कानविंदे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकलेच्या वर्गात दाखल झाले. १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकण्यास पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस हे जगन्मान्य वास्तुशिल्पी त्यांचे गुरू होते. परत आल्यावर त्यांनी सरकारी प्रयोगशाळांच्या इमारतींचे काम केले आणि १९५५ साली शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःचे कार्यालय थाटले.

कानपूरच्या आय.आय.टी.ची मूळ वास्तुरचना त्यांची. तेथील उन्हाळा आपल्या बालाघाटापेक्षा कडक. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत सावलीतून जाता यावे म्हणून त्यांनी वरच्या मजल्याच्या उंचीवरून झाकलेले मार्ग नेले आणि वाहनांची वाट निराळी ठेवली. संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर हेही मराठीच, ही जाता जाता अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट.

गुजरातेत मेहसाणा येथे दूधसागर डेअरीची इमारत त्यांनी उभारली. आत गरमी व वाफ कोंडू नये म्हणून छतावर हवा बाहेर काढणारे उंच मनोरे ठेवले, आणि त्या मनोऱ्यांमुळेच इमारतीला तिचे रूप आले. आपल्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. भट्टीपुढे बसणाऱ्या बायामाणसांचे डोळे धुराने चुरचुरतात. तो धूर कोठून बाहेर जावा, उजेड कोठून यावा, कढईजवळ दोन माणसे कशी वावरावीत, हा विचार म्हणजेच वास्तुकला. त्याला शहर लागत नाही.

आयुष्यभर साध्या, अलंकारविरहित इमारती बांधणाऱ्या या माणसाने उतारवयात दिल्लीचे इस्कॉन मंदिर रचले. ते १९९८ साली खुले झाले. कानविंदे यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली होती. २००२ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. माणकेश्वरचे दगडी शिवालय आपल्याच तालुक्यात आहे. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर तर देशातील फार जुन्या बांधीव मंदिरांपैकी एक. त्यांच्या कारागिरांना दगडाचे व विटेचे वजन कळत होते. तेच ज्ञान पुढे घराघरांतून हरवले, आणि त्याची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजावी लागली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाड भिंती होत्या. आतबाहेरच्या दोन थरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा थर चढे आणि ओझे वाढत जाई. ज्या घराने उन्हाळ्यात थंडावा दिला, तेच अंगावर आले. पुढे नवी गावे सरळ रेषांत आखली गेली. घरे पक्की झाली, परंतु कित्येकांची जुनी आळी मोडली व शेत लांब पडले. या मातीतला, वाडा, ओसरी व गोठा जाणणारा वास्तुशिल्पी तेव्हा जिल्ह्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी हवे होते.

ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांनी बारावीला गणित व भौतिकशास्त्र घ्यावे. ‘नाटा’सारखी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तीत चित्रकला व निरीक्षण यांची कसोटी लागते. तेव्हा शाळेतील चित्रकलेचा तास वाया घालवू नये. पदवी पाच वर्षांची आहे. त्यानंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावयाची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणासही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्याच्या कार्यालयात थोड्या पगारावर राबावे लागते, हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही. मुलींनीही मागे राहू नये. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ सालीच सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेतली होती.

ज्यांना पाच वर्षांचा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याने आर्किटेक्ट होता येत नाही. पण हातात पट्टी-पेन्सिल येते, आणि गावातल्या गवंड्याला वाचता येईल असा नकाशा गावातच तयार होतो.